नकार देण्याची रीत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण आतां केवळ शेती करीत नाहींत. कोणी विविध कार्यकारी सोसायटीचे पंच आहेत, कोणी ग्रामपंचायतींत आहेत, कोणी पाणीवापर संस्थेचें काम पाहतात. अशा गृहस्थांस हिशेब, ठराव व इतिवृत्त हीं कामें फारशीं जड जात नाहींत. जड जातें तें आलेल्या मनुष्यास ‘हें होणार नाहीं’ असें सांगणें. आम्ही पुणें येथें महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. त्या नोकरींत रोज अनेक विनंत्या येत, व त्यांतील बऱ्याच मान्य करण्याजोग्या नसत. तेव्हां या विषयासंबंधानें जें थोडेंबहुत आम्हांस कळलें आहे तें येथें मांडीत आहों.

नकार देण्याची भीड वाटली म्हणजे मनुष्य चार शब्दांचा आश्रय करितो: ‘बघूं’, ‘पुढच्या आठवड्यांत या’, ‘साहेबांस विचारतों’ आणि ‘झालेंच समजा’. हे शब्द गोड लागतात, परंतु त्यांची किंमत समोरच्याला भरावी लागते. भोर किंवा पुरंदर तालुक्यांतील शेतकरी जिल्ह्याच्या कचेरींत येतो तेव्हां त्याचें एस. टी. चें भाडें जातें, दिवसाचें काम बुडतें, आणि पाळीचें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत जातें. अशा चार खेपा झाल्यावर त्यास कळतें कीं काम मुळांतच होण्यासारखें नव्हतें. यापेक्षांही मोठें नुकसान मुदतीचें आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें दिलेल्या आदेशावर ६० दिवसांच्या आंत अपील करावें लागतें. एखाद्याच्या विरुद्ध आदेश होऊन गेला आहे, आणि कचेरींतला ओळखीचा मनुष्य त्यास ‘बघूं, कांहीं मार्ग काढूं’ असें म्हणत राहिला, तर ते ६० दिवस त्या ‘बघूं’ मध्येंच सरून जातात. पहिल्याच दिवशीं स्पष्ट नकार मिळाला असता तर तो वकिलाकडे तरी गेला असता.

एक नित्याचें उदाहरण घेऊं. वडील वारले, वारसाची नोंद व्हावयाची आहे, आणि थोरला मुलगा येऊन म्हणतो कीं बहिणीचें नांव लावूं नका, ती सासरीं सुखी आहे. असें सांगणारे लोक वाईट असतात असें नाहीं. त्यांस ही रीतच वाटत असते. तेथें ‘कायदा वाचा’ म्हणून त्यास झिडकारणें सोपें आहे, आणि ‘पाहतों’ म्हणणें त्याहून सोपें आहे. आमच्या मतें उत्तर असें असावें: “दादा, बसा. आपलें म्हणणें ऐकलें. परंतु ताईंचें नांव गाळतां येणार नाहीं. वडिलांच्या मिळकतींत त्यांचा हक्क आहे. मीं गाळलें तरी त्या केव्हांही हरकत घेतील, नोंद फिरेल, आणि आपणांस पुन्हा येथेंच यावें लागेल. त्यांना खरोखर हिस्सा नको असेल, तर त्यांनीं स्वतः दुय्यम निबंधकांकडे येऊन हक्कसोडपत्र नोंदवावें. मग त्याचा रीतसर फेरफार होईल.” (ही राजीखुशी मात्र खरी असावी, भाऊबीजेच्या भिडेची नसावी.)

या उत्तरांत काय केलें तें पाहावें. मनुष्यास बसविलें, त्याचें सगळें ऐकलें, व ‘नाहीं’ हा शब्द लौकर उच्चारला. कारण खरें दिलें व एकच दिलें. कारणें जास्त दिलीं कीं तीं एकेक खोडून काढण्याची आशा समोरच्यास वाटूं लागते. खोटें कारण तर त्याहून वाईट. ‘आज साहेब नाहींत’ असें सांगावें, तर तो उद्यां साहेब आल्यावर हजर होतो, आणि मग दुसरें खोटें शोधावें लागतें. शेवटीं, जें होण्यासारखें आहे त्याची वाट दाखविली. वाट नसेल तर मात्र ती रचून दाखवूं नये.

ही रीत आमच्या मनची नव्हे. हल्लींच्या कायद्यांनीं तीच सांगितली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणें अर्ज नाकारतांना कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करावें, हीं तिन्ही कळवावीं लागतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येंही सेवा नाकारल्यास कारण लेखी द्यावयाचें असून पहिल्या अपिलास ३० दिवसांची मुदत आहे. म्हणून शेतकरी बंधूंनीं कचेरींतून तोंडी नकार घेऊन परत फिरूं नये. रागावूं नये, पण ‘एवढें कागदावर द्यावें’ असें नम्रपणें म्हणावें.

नकाराची गोष्ट निघाली कीं पुण्यांत रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव घेण्याची चाल आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दल रघुनाथरावांस देहांताखेरीज प्रायश्चित्त नाहीं असें सांगून शास्त्रीबोवांनीं पुणें सोडलें, अशी परंपरा आहे. तो नकार थोर खरा, पण आपल्या रोजच्या कामास तो नमुना म्हणून चालत नाहीं. सोसायटीच्या पंचाला दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत, त्याच पाणवठ्यावर त्याच माणसाला भेटावयाचें असतें.

आमच्या जिल्ह्यास जवळचा धडा वेगळा आहे. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, तो दंगा सर्वांस माहीत आहे. परंतु त्या आधीं कित्येक वर्षें काय चाललें होतें ? मुदतीच्या कायद्यामुळें दर तीन वर्षांनीं रोखा नवा करून घेण्याची चाल पडली. थकलेलें व्याज मुद्दलांत चढे, आणि शेतकरी न वाचतां निशाणी करी. बियाण्यास व सरकारदेण्यास पैसा त्याच दारांतून येत असल्यामुळें त्याला ‘मी सही करीत नाहीं’ असें म्हणण्याची सोयच नव्हती. पुढें १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा रोखा गांवच्या रजिस्ट्रारापुढें झाला पाहिजे असें ठरविलें, तें कांहीं अंशीं याच अडचणीवर होतें.

आज निशाणीची जागा जामीनकीनें घेतली आहे. आमच्या समजुतीप्रमाणें या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. व्याही, मेहुणा किंवा भावकींतला कोणी कागद घेऊन येतो व म्हणतो, ‘नुसती सही पाहिजे.’ नुसती सही अशी वस्तु नसते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणें, करारांत उलट कांहीं नसल्यास जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. धनकोनें आधीं ऋणकोचें घर झडतीस घ्यावें व मग जामीनदाराकडे यावें, असें बंधन त्यावर नाहीं. सहकारी संस्थेचें कर्ज असेल तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालीं वसुलीचा दाखला निघतो, आणि तो जामीनदाराच्याही सातबाऱ्यापर्यंत पोंचतो.

येथें नकार कसा द्यावा ? चावडीवर किंवा लग्नघरीं चार लोकांदेखत देऊं नये. आपल्या ओसरीवर, चहा झाल्यावर द्यावा. ‘घरांत विचारतों’ म्हणून बायकोवर किंवा मुलावर दोष लोटूं नये. “पाहुणे, जामीन राहणें आमच्याच्यानें होणार नाहीं. तुमच्या सचोटीचा यांत प्रश्न नाहीं. जेवढी जमीन आहे तेवढीवर घर चालतें, ती दुसऱ्या कर्जांत गुंतवायची नाहीं असें आम्ही ठरविलें आहे. पेरणीला बैल पाहिजे असतील तर सोमवारपासून घेऊन जा.” परत न आली तरी चालेल एवढी रक्कम जवळ असेल, तर ती उसनी द्यावी. पाहुणा एक-दोन महिने रुसेल. पण कर्ज थकून नोटीस आल्यावर जो अबोला धरला जातो, तो पुढच्या पिढीपर्यंत जातो, हें आम्हीं कचेरींत अनेक वेळां पाहिलें.

सोसायटींत पंच असलेल्यांस एक सूचना. मर्यादेबाहेर कर्ज मागणाऱ्यास ‘मी तयार आहें, सेक्रेटरी ऐकत नाहीं’ असें सांगूं नये. त्यानें पगारी माणूस गांवांत वाईट होतो, आणि पुढच्या वेळीं तो पंचांची चूक दाखविण्यास कचरतो. उलट, वरिष्ठानेंच नियमाबाहेरचें काम तोंडी सांगितलें, तर कनिष्ठानें ‘करणार नाहीं’ असें न म्हणतां ‘साहेब, लेखी आदेश झाला तर बरें होईल’ एवढेंच म्हणावें. बहुतेक वेळां तो लेखी आदेश येत नाहीं, आणि काम तेथेंच थांबतें.

संस्थेच्या उपयोगासाठीं पत्राचा एक मसुदा देतों:

“आपला अमुक तारखेचा अर्ज समितीनें वाचला. आपणांस मंजूर असलेल्या कर्जमर्यादेपेक्षां मागणी जास्त असल्यामुळें ती मान्य करतां येत नाहीं. मर्यादेंतील शिल्लक रक्कम आपणांस केव्हांही उचलतां येईल. पुढील हंगामाची मर्यादा ठरतांना आपला अर्ज पुन्हा समितीपुढें ठेवूं. या निर्णयाबद्दल आपणांस तक्रार असल्यास सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांजकडे दाद मागतां येईल.”

हें पत्र सभेनंतर दुसऱ्या दिवशींच पाठवावें, जावक क्रमांक घालावा, व नक्कल अर्जासच टांचून ठेवावी. अर्जदार सभेनंतर वाटेंत भेटला तर पत्राची वाट न पाहतां त्यास तोंडीही तेंच सांगावें, त्याच शब्दांत.