त्याच डब्यातली नवी चव

प्रश्न : घरात सहा माणसं, पगार ठरलेला. रोजची चपाती, भाजी, आमटी बघून मुलं नाक मुरडतात. बाहेरून मागवणं परवडत नाही. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, चीज आणि सॉसच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. पांढरा रस्सा मटणाशिवाय होत नाही, हा समज आधी सोडा. फ्लॉवरचे देठ आणि कोबीचा दांडा आलं, लसूण, मिरी, तमालपत्र घालून उकळा आणि पाणी गाळून घ्या. तुपावर हिरवी मिरची परता, त्यावर भाजलेल्या तिळाचं वाटण आणि हे पाणी घाला. नारळाचं दूध मात्र शेवटी, मंद आचेवर, ढवळत. खळखळून उकळलात तर रस्सा फुटतो. खसखस, काजू पाहुण्यांसाठी ठेवा; तिळानं काम भागतं.

उत्तर आफ्रिकेत टोमॅटोच्या दाट रश्श्यात अंडी फोडून शिजवतात, त्याला शकशुका म्हणतात. तुम्ही मिसळीच्या उरलेल्या कटात कांदा-टोमॅटो आटवून तेच करा. झाकण ठेवून पाचेक मिनिटं, बलक मऊच राहू द्या. सोबत पाव नको, भाकरी. (हे पाहुण्यांनाही खपतं.)

हुलग्याचे शेंगोळे मात्र सुट्टीच्या दिवशी. पीठ तिखट-मीठ घालून घट्ट मळा आणि वळायला मुलांनाच बसवा. वाकडेतिकडे झाले तरी रश्श्यात सारखेच शिजतात, आणि स्वतः वळलेलं मुलं सहसा ताटात टाकत नाहीत. नवा पदार्थ आठवड्याला एकच. रोज प्रयोग केलेत तर सासूबाईच संपावर जातील.