बिनदुधाची, बिनमैद्याची ब्राउनी: पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

दूध, अंडं आणि गहू हे तिन्ही ज्याला चालत नाहीत, त्याच्यासाठी ब्राउनी करायची म्हटली की लोक बदामाचं पीठ आणि व्हीगन बटर शोधायला लागतात. दोन्हींची गरज नाही. बदाम तर कित्येकांना स्वतःच बाधतो. ज्वारीचं पीठ, जवस आणि सूर्यफूल तेल यांवर छान ओलसर ब्राउनी होते.

आठ इंची चौकोनी साच्याला, म्हणजे १६ तुकड्यांना, १२० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, २०० ग्रॅम साखर, १०० मिली तेल, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि व्हॅनिला. अंड्याऐवजी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची. ती बुळबुळीत झाली की मिश्रण धरून ठेवते. शेवटी अर्धी वाटी गरम पाणी. १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. गार होण्याआधी कापू नका, चुरा होईल.

खर्च साधारण असा: पाकिटातलं ग्लुटेनमुक्त पीठ किलोला अडीचशे धरलं तर ३० रुपये, कोको ८०, साखर १०, तेल १६, जवस ३, बाकी किरकोळ ८, वीज आणि बटर पेपर १५. एकूण १६० च्या आसपास, म्हणजे तुकडा दहा रुपयांना. भाव तुमच्या दुकानाचे घाला, पण निम्मा खर्च कोकोचा हे बदलणार नाही. घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक घटल्यामुळे २०२४ मध्ये कोकोचे जागतिक भाव भडकले, त्याची झळ आपल्या पाकिटालाही लागली. म्हणून ड्रिंकिंग चॉकलेट वापरण्याचा मोह मात्र नको. त्यात साखर असते, आणि काहींत दूध किंवा माल्टही.

ज्वारी घरची असेल तर तुकड्यामागे रुपया-सव्वा रुपया वाचेल. पण गिरणीत तुमच्या आधी काय दळलं? भाकरीसाठी आपण विचारतोच, 'कशावर दळताय?' इथे तो प्रश्न तब्येतीचा आहे. गव्हावर दळलेल्या ज्वारीत जात्यात अडकलेला गहू उतरतो आणि सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) असलेल्याला तेवढाही त्रास देतो. पहिले दोन किलो बाजूला काढले तरी खात्री नाही. ज्यात गहू कधीच पडला नाही अशी घरघंटी असेल तरच घरी दळा, नाहीतर पाकीट घ्या. इथे काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाकिटावर काय वाचायचं? हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आहे, पण तेही ॲलर्जीची हमी नव्हे. 'ग्लुटेनमुक्त' म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्याने तरीही घटकांच्या यादीत गहू शोधावा. बेकिंग पावडरमधला स्टार्च कशाचा, चॉकलेटमध्ये सोया लेसिथिन आहे का, 'दुधाचा अंश असू शकतो' असं बारीक अक्षरात लिहिलंय का, हेही बघा. लॅक्टोजमुक्त दूध दुधाच्या ॲलर्जीला चालत नाही. बाधतात ती दुधातली प्रथिनं. तीव्र ॲलर्जीत नवीन घटक डॉक्टरांना विचारूनच वापरा.

एकदाच करायचा खर्च पाचशे-सहाशेचा: वेगळा साचा, वेगळी चाळणी, वेगळा सिलिकॉन चमचा. चाळणी तरी हवीच, कारण जाळीत बसलेला मैदा कितीही घासला तरी पुरता निघत नाही. लाकडी चमचाही नको.

विकत घेताना घरगुती बेकरीवाल्या ताईंना थेट विचारा: पीठ कुठून येतं, मैद्याचे केक त्याच दिवशी होतात का, भांडी वेगळी आहेत का? मैद्याचं पीठ हवेत बराच वेळ उडत राहतं, म्हणून ज्या ताई यासाठी स्वतंत्र दिवस राखतात त्यांनी तुकड्याला ऐंशी-शंभर मागितले तर ते रास्त आहेत. एवढा दर लावून 'काळजी घेतो' इतकंच सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

वाढदिवसाला एका मुलासाठी वेगळी ब्राउनी आणि बाकीच्यांना नेहमीचा केक, असं करू नका. एकच सुरी दोन्हीकडे फिरते, आणि ते पोरही बिचारं बाजूला पडतं. तीस मुलांना दोन साचे पुरतात, सव्वातीनशे रुपयांत. डब्यावर सगळे घटक मराठीत लिहून चिकटवा, आणि घरात शेंगदाणे किंवा तीळ वापरत असाल तर तेही लिहा.