घोळक्यातला चेंडू मोकळ्या बाजूला न्या

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला फुटबॉलचे वेड नवे नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने रंगतात आणि गल्लीतली पोरे तेच पाहून खेळतात. साहजिकच माझ्या दवाखान्यात सुजलेले घोटे आणि सोललेल्या नडग्याही येतात.

दोन महिन्यांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी घेऊन आली. घोटा टम्म सुजला होता. "कसा पडलास रे?" मी विचारले. "पडलो न्हाई डॉक्टर, सगळी पोरं माझ्यावर पडली!" आजी म्हणाल्या, "आता खेळच बंद करते याचा."

संध्याकाळी मी मुद्दाम मैदानावर गेलो. चौदा मुले आणि एक चेंडू. जिथे चेंडू तिथे सगळा घोळका, दुसरी बाजू ओस. तिथे एक बारका मुलगा एकटाच उभा होता. त्याच्याकडे चेंडू जातच नव्हता. एकाला दुखापत होते आणि दुसऱ्याला व्यायामच मिळत नाही. दोघांचेही कारण एकच!

म्हणून खेळ बंद करू नका, शिकवण्याची पद्धत बदला. एका बाजूला गर्दी झाली की चेंडू दुसऱ्या बाजूला न्यायचा, हे मुलांना छोट्या सामन्यांतून उत्तम शिकवता येते. मैदान लांबीपेक्षा रुंदीला जास्त आखावे. साधारण चाळीस पावले रुंद, पंचवीस पावले लांब. एका संघात पाच मुले. प्रत्येक टोकाला दोन्ही कोपऱ्यांत एकेक छोटा गोल, म्हणजे एकूण चार. प्रत्येक संघाने दोन गोल राखायचे आणि दोनांवर चढाई करायची. गोलकीपर नको.

सुरुवातीला काही सांगू नका, खेळू द्या. पाच मिनिटांनी खेळ थांबवून एकच प्रश्न विचारा, "आता कोणता गोल मोकळा होता?" मुले स्वतःच बोट दाखवतील. मग नियम घाला : चेंडू एका बगलेतून दुसऱ्या बगलेत नेऊन केलेला गोल दोन गुणांचा. मधल्या खेळाडूने चेंडू येण्याआधीच मान वळवून दोन्हीकडे पाहावे, अंग थोडे तिरके ठेवावे आणि चेंडू लांबच्या पायाने घ्यावा, म्हणजे दुसरी बाजू लगेच दिसते. बाहेरून "इकडे मार, तिकडे मार" असे ओरडू नये. मग मूल स्वतः पाहायचे सोडून देते.

बाजू बदलायला लांब किक हवी असे नाही. दोन-तीन छोटे पास पुरतात. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात सतत जोरदार किक मारल्याने व उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखालचे हाड दुखू लागते. असे दुखले तर खेळ कमी करावा व डॉक्टरांना दाखवावे.

छोट्या सामन्यात धावणे जास्त होते. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, असे चार-पाच डाव पुरेत. आधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे. उन्हाळ्यात भर दुपारी खेळू नये आणि दर विश्रांतीला पाणी प्यावे.

घोटा मुरगळलाच तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा.

त्या मुलाचे हाड शाबूत होते. घोटा बरा झाल्यावर तो पुन्हा खेळू लागला. मैदानावर आता चार गोल असतात. चपला ठेवून केलेले. परवा मी गेलो तेव्हा त्याने घोळक्यातून चेंडू काढला आणि पलीकडच्या त्या बारक्याकडे दिला. बारक्याचा नेम चुकला. पण घामाने तोही भिजला होता.