तापमापकावर ऊन पडत होतं

परभणीत मे महिन्यात 42-43 अंश ही काही बातमी नसते. त्यामुळे टोमॅटोच्या वाणांवर उष्णतेचा काय परिणाम होतो हे पाहायला मी पॉलीहाऊसमध्ये प्रयोग लावला, तेव्हा वहीत 47 लिहिताना हात जरासुद्धा थबकला नाही. बाहेर एवढं, तर आत तेवढं असणारच! फुलगळ झाली, तक्ते झाले, प्रबंध बांधून झाला.

पुढच्या उन्हाळ्यात एका धाकट्या विद्यार्थ्याने त्याच वाणाची रोपं लावली. त्याच्याकडे पारा 41च्या वर जाईना, पण फुलं माझ्याइतकीच गळाली. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही तापमापक कुठं टांगला होता?"

प्रबंधात याचं उत्तर नव्हतं. आठवून सांगितलं, मधल्या पाइपला, तारेने. अकरा ते तीन त्यावर थेट ऊन यायचं.

आम्ही दोन तापमापक शेजारी लावले. माझा उघडा. त्याचा पांढऱ्या पीव्हीसी पाइपात, टोकाला जुन्या संगणकाचा पंखा, आतून हवा ओढणारा. दुपारी फरक पाच-सहा अंशांचा, रात्री जवळजवळ शून्य. म्हणजे मी हवा मोजलीच नव्हती. उन्हात तापलेला तापमापक स्वतःलाच मोजत होता. लाज याची वाटली, की वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान वेधशाळा याच गावात आहे. वेधशाळेतली ती झडपांची पांढरी पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास तापमापक असलेली, मी कितीदा पाहिली होती. ती पांढरी का, झडपा कशाला, हे कधी विचारलं नाही.

म्हणून प्रयोग लावणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: तापमापकाला सावली द्या, त्यावरून हवा खेळू द्या, आणि तो पिकाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवा. रोपं वाढली की तोही वर घ्या. पंखा किंवा फॉगर जवळ असेल तर तेही लिहा.

आर्द्रतेत मी आणखी एक घोळ घातला होता. "सरासरी 40 टक्के" असं लिहून मोकळा झालो. पण 25 अंशांना 40 टक्के आणि 40 अंशांना 40 टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हवेची बाष्पदाब तूट साधारण 1.9 किलोपास्कल, दुसऱ्यात 4.4. हवेची तहान दुपटीहून जास्त. तापमान आणि आर्द्रता एकाच वेळची, एकाच जागची हवी. दिवसभराची सरासरी दुपार गिळून टाकते.

उजेड मी लक्समीटरने मोजला, तोही दुपारी बाराला एकदा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप; हिरवट-पिवळा प्रकाश त्याला जास्त भावतो. पानाला किती प्रकाशकण मिळाले ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. निव्वळ सूर्यप्रकाश असेल तर लक्सला 54ने भागून अंदाज येतो. लाल-निळ्या एलईडीखाली हा भागाकार फसतो. आणि रोपाला दुपारच्या बाराचा नव्हे, दिवसभराचा उजेड लागतो. दिवसाची बेरीज द्या. फिल्मवर धूळ किती होती, शेडनेट कधी ओढलं, हेही. आमच्याकडे मार्चनंतर धूळच अर्धं शेडनेट होते.

हे सगळं काही मी शोधलेलं नाही. 2015मध्ये 'प्लान्ट मेथड्स' या नियतकालिकात ए. जे. बोथ आणि सहकाऱ्यांनी हरितगृहातल्या प्रयोगांसाठी मोजमापाची आणि नोंदींची मार्गदर्शक तत्त्वं मांडली आहेत. काय मोजलं याबरोबरच कशाने, कुठे आणि किती वेळाने मोजलं, हे लिहायचं. मी ती वाचली, पण प्रबंध बांधून झाल्यावर.

माझ्या प्रतीत त्या तक्त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय: तापमापकावर ऊन पडत होतं. ग्रंथालयातल्या प्रतीत मात्र 47 तसंच आहे.