स्कूटीचे ब्रेक लायनर : स्वस्त की कंपनीचे?
ताईंनो, बँकेत, बाजाराला आपण आता स्कूटीवरच जातो, पुढ्यात गोणी असतेच. म्हणून लायनर घेताना नुसती किंमत बघू नका. लायनर म्हणजे शूवर चिकटवलेला थर. हलक्या मालात तो लवकर झिजतो, कधी सुटूनही येतो. फार कडक असला तर ड्रमच खातो. बहुतेक स्कूट्यांत ड्रम चाकातच असतो, मग खर्च चाकाचा! बिननावाचा सुटा माल नकोच. पण शोरूमचाच हवा असंही नाही. ब्रेक बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा चालतो. नकली खोकीही फिरतात, तेव्हा सीलबंद खोकं, छापील किंमत बघा, पक्कं बिल मागा. बसवताना समोर उभ्या राहा. ड्रममधली धूळ फुंकू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. नवीन लायनर नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस गाडी हळूच चालवा.