खानावळीतील झुरळे, उंदीर व माश्या : औषधाआधी बंदोबस्त



आपल्यापैकी कित्येकांनी शेतीला जोड म्हणून हमरस्त्यावर हॉटेल, खानावळ किंवा रसवंती काढली आहे. त्यांतले काहीजण आमच्या गट ऑफिसात येऊन म्हणतात, "साहेब, भटारखान्यात झुरळं लई झालीत. उसावर मारायचं औषध असेल तर थोडं द्या." आम्ही ते देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक आढळले. शेतीचे औषध चुलीजवळ नको, ते एवढ्यासाठी.

मग करावे काय? खोडकिडा आला की आपण पोंगामर झालेले कोंब काढतो, कामगंध सापळे लावतो आणि औषधाकडे शेवटी वळतो. भटारखान्यातही क्रम हाच ठेवावा.

१) अन्नपाणी तोडा. रात्री ओटा, भट्टीखालची तेलकट जागा व मोरी धुऊन कोरडी करावी. खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढावे. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून रसवंतीची चिपाडेही रोज उचलावीत.

२) वाट बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. भोके सिमेंटने बुजवावीत, मोरीला जाळी व दाराखाली पत्र्याची पट्टी लावावी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचावीत. बाजारातून आलेली पुठ्ठ्याची खोकी आत साठवू नयेत, त्यांतून झुरळे येतात.

३) पाहणी करा. दिवे मालवून तासाभराने बॅटरी घेऊन फटी पाहाव्यात. लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात ३०-४० अंडी असतात आणि फवारा त्या कोशात पोचत नाही. एकदा मारलं की झालं, असं होत नाही ते यामुळेच.

४) औषध शेवटी. झुरळांसाठी जेलचे बारीक ठिपके फटीत व बिजागरीजवळ लावावेत. त्या जागी फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेल खात नाहीत. उंदरांना पिंजरा लावावा. शेतातल्या बिळात घालायचे झिंक फॉस्फाईड भटारखान्यात कदापि आणू नये. फवारणी करायचीच झाली, तर परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी आणि आधी भांडी व अन्न हलवावे.

शेवटचे एक. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल, तूप, मीठ काहीही भरू नका. डबा कितीही धुतला तरी तो विषाचाच.

शंका असल्यास गट ऑफिसात जरूर या. औषध मिळणार नाही, सल्ला मात्र नक्की मिळेल.

— ऊस विकास अधिकारी