छपरावरील अँटेना : मापन कोठे व्हावे?

बेलापूरलगत खाडीकाठी वसलेले दिवाळे हे कोळी समाजाचे जुने गाव. अशा गावठाणात घराला घर लागून असते. एखाद्या गच्चीवर मोबाईल दूरध्वनीची अँटेना उभी राहिली, की तिच्याखाली राहणारे कुटुंब प्रथम धास्तावते. वस्तुतः अँटेनाचा झोत समोर, किंचित खाली कललेला असतो. तिच्या पायथ्याशी तो सहसा क्षीणच असतो. मापन अगत्याचे आहे ते गल्लीपलीकडील, अँटेनाच्या समोर आणि जवळपास तिच्याच उंचीवर असलेल्या खिडकीत. तेथे अंतर दुप्पट झाले, तर तीव्रता साधारणतः एक चतुर्थांशावर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींची गणना ‘कदाचित कर्ककारक’ गटात केली. म्हणजे पुरावा मर्यादित, परंतु दुर्लक्षणीय नव्हे. सप्टेंबर 2012 पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. 900 मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट, तर 1800 साठी 0.9 वॅट ठरली. एकाच ठिकाणी अनेक कंपन्यांच्या अँटेना असल्यास प्रत्येक कंप्रतेचे मापन तिच्या मर्यादेने भागतात व गुणोत्तरांची बेरीज करतात. ती एकपेक्षा अधिक होता कामा नये. सुटी पाहता सर्व निर्दोष, पण एकत्रितपणे सदोष, असे घडू शकते.

2017 मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर नागरिकांच्या मागणीवरून होणाऱ्या मापनासाठी 4,000 रुपये शुल्क ठेवण्यात आले. मासळीवर पोट असणाऱ्या घराला ही रक्कम लहान नव्हे. म्हणूनच अर्ज करताना गच्चीऐवजी समोरची खिडकी दाखविणे श्रेयस्कर.